फ्यूज दहा रुपयांचा, डबा मात्र सापडेना!

गेल्या जुलैतली गोष्ट. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी त्यांना घेऊन मी सांगलीहून कोल्हापूरला गेले होते. हे नागपूरला ट्रेनिंगला, म्हणून गाडी मीच काढली. गाडी चालवायला लागून मला बारा वर्षं झाली. मुलांची शाळा, मंडई, बँक, सगळं रोजच्या रोज गाडीनेच करते, आणि कोल्हापूर काही फार लांब नाही. तपासणी झाली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे सासूबाईंना पुढचे चार-पाच तास सगळं धूसर दिसणार होतं. काळा चष्मा लावून त्या माझ्या शेजारी बसल्या आणि आम्ही परतीला लागलो.

चोकाक मागे पडलं आणि पावसाने असा काही जोर धरला की विचारू नका. वायपर भराभर फिरत होते. फिरता फिरता काचेच्या मधोमध येऊन ते जे थांबले ते थांबलेच. बटण खाली केलं, वर केलं, बंद करून पुन्हा चालू केलं. ढिम्म! समोरची काच म्हणजे नुसता पाण्याचा पडदा, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसताहेत. बाजूची काच खाली करून, डोकं बाहेर काढून कशीबशी गाडी कडेला घेतली, चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवले आणि हातपाय गाळून बसले. एकीला डोळे आहेत पण काचेतून दिसत नाही, दुसरीला काच कशीही असली तरी दिसत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, आणि अंधार पडायला लागलेला.

ह्यांना फोन लावला, लागेना. धाकटे दीर इचलकरंजीला असतात, त्यांना लावला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, फ्यूज गेला असणार. स्टिअरिंगच्या खाली बघा, फ्यूजबॉक्स असतो. तोवर मी निघतोच." अगं बाई, इतकं सोपं! मोबाइलची बॅटरी लावली आणि वाकले. पॅडल दिसली, वायरींचा गुंता दिसला, धाकट्याचा हरवलेला खोडरबर आणि चार शेंगदाणे दिसले. डबा काही दिसेना. एक कडी हाताला लागली. हेच झाकण असणार म्हणून ओढली, तर पुढे 'खट्' आवाज होऊन बॉनेट उचकलं! म्हणजे आता पावसात उतरून ते दाबून बसवणं आलं. ते केलं. नखशिखांत भिजून परत आत आले.

"सापडला का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो, डबाच दिसत नाही."

"तार आहे का तुझ्याकडे? तार असली की मी सांगते कशी घालायची."

मला त्या अवस्थेतही हसू आलं. पण त्यांचं म्हणणं काही हसण्यासारखं नव्हतं. मामंजी रेल्वेत गार्ड होते. मिरजेच्या त्या जुन्या घरात आठवड्यातल्या निम्म्या रात्री सासूबाई पोरांना घेऊन एकट्या असायच्या. दिवे गेले की मेणबत्ती घेऊन स्टुलावर चढायचं, मेन स्विच पाडायचा, चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा उपसायचा, जळकी तार काढून नवी तार स्क्रूला गुंडाळायची, हे सगळं त्या डोळे मिटून करत. तारेची गुंडाळी देवघराच्या फळीवर काडेपेटीशेजारीच ठेवलेली असे. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण जुन्या घरात गेलं, त्यांनी आपल्या आईला हे करताना नक्कीच पाहिलं असेल. नंतर घरोघर खटक्याचे एम.सी.बी. आले, खटका वर केला की झालं, आणि आपण ती विद्या विसरून गेलो.

पण सासूबाईंना घरातला फ्यूज बदलता येत होता, त्याचं एक कारण असं की तो कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं! माझी सगळी अडचण तिथेच होती.

तासभर गेला. मोबाइलची चार्जिंग बॅटरी लावून लावून वीस टक्क्यांवर आली. भाऊजी पावसात कुठेतरी अडकलेले. तेवढ्यात एक मुलगा मोटारसायकलवरून जाता जाता थांबला. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. "काय झालंय वो मावशी?" पंक्चरच्या दुकानात काम करून घरी निघाला होता. मी सांगितलं तसं म्हणाला, "किल्ली काढा आधी." मग दार उघडून चिखलातच गुडघे टेकले, मान तिरकी करून डोकं आत घातलं, आणि माझ्याच मोबाइलच्या उजेडात दोन मिनिटांत एक पिवळा फ्यूज उपसून माझ्या तळहातावर ठेवला. आतली तार मधोमध तुटून काळी झाली होती. डबा होता डॅशबोर्डच्या पोटात, तोंड खाली करून, मी ओढलेल्या त्या कडीपासून जेमतेम वीतभर अंतरावर!

नवा फ्यूज त्याच्याजवळ नव्हता. तर त्याने काय केलं, चार्जिंगच्या सॉकेटचा पिवळाच फ्यूज काढून वायपरच्या जागी बसवला. बसवण्याआधी मात्र बाहेर जाऊन वायपरच्या बुडाशी हात घातला आणि गुलमोहराच्या कुजक्या पानांचा हा एवढा गोळा काढून टाकला. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. पानं साचून वायपर अडकला, अडकलेल्या मोटरने जास्त वीज ओढली आणि फ्यूज उडाला. फ्यूजने आपलं काम चोख बजावलं होतं, गबाळेपणा माझा होता. मुलाने पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी काळ्या चष्म्यातूनच त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. भाऊजी आले तेव्हा वायपर फिरत होते.

रात्री ह्यांचा फोन लागला. "मला आधी कळवायचंस की नाही?" म्हणाले. मी विचारलं, "अहो, आपल्या गाडीतला फ्यूजचा डबा कुठे आहे हो?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बॅटरीजवळ असेल ना." तेव्हा मला जरा बरं वाटलं. गाडी दोघांची आणि अज्ञानही दोघांचं!

डबा दडतो कुठे?

त्यानंतरच्या रविवारी ऊन पडल्यावर मी गाडी, गाडीचं पुस्तक, जुनी उशी आणि टॉर्च घेऊन बसले. तेव्हापासून शेजारणींच्या आणि नातेवाइकांच्या मिळून सात-आठ गाड्यांत डोकं घालून झालं आहे, त्यामुळे आता थोडं अधिकाराने सांगते.

पद्मिनी-अँबॅसिडरच्या काळात गाडीत विजेवर चालणारं असायचंच काय? दिवे, हॉर्न, वायपर. फ्यूजही बोटांवर मोजण्याइतके, काचेच्या नळीचे नाहीतर चिनी मातीच्या कांडीचे. हल्ली मिळतात ते चपटे, दोन पायांचे, रंगीत प्लास्टिकचे फ्यूज अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने १९७६ साली काढले आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. आता काचा विजेवर, कुलपं विजेवर, आरसे विजेवर. त्यामुळे साध्या गाडीतही फ्यूज डझनांनी असतात आणि बहुतेक गाड्यांत त्यांचे दोन डबे असतात. एक बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास, काळ्या झाकणाचा. तो सापडायला काहीच कष्ट नाहीत, बॉनेट उघडलं की समोर. दुसरा आतला. आतल्या डब्याला नवी नवरीसुद्धा इतकी लाजत नसेल! डॅशबोर्ड दिसायला देखणा हवा, म्हणून हा बिचारा कुठेतरी आड लपवलेला असतो.

आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत तो चालवणाऱ्याच्या बाजूला, स्टिअरिंगच्या खाली उजवीकडे, गुडघ्याच्या वरच्या अंगाला असतो. सीटवर बसून खाली वाकून तो दिसत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. पोट आणि स्टिअरिंग दोन्ही आड येतात. दार पूर्ण उघडा, सीट मागे सरकवा, बाहेर जमिनीवर उशी टाकून तिच्यावर गुडघे टेका आणि तोंड वर करून डॅशबोर्डच्या पोटाकडे बघा. साडी असेल तर पदर खोचून घ्या. सलवार-कमीज असेल तर ओढणी काढून ठेवा.

आता चष्म्याची गंमत. चाळिशीनंतर आपल्यापैकी बऱ्याचजणींना दुहेरी चष्मा लागतो. त्यात जवळचं बघायची काच खालच्या अर्ध्या भागात असते, आणि मान वर करून बघताना आपण नेमकं वरच्या भागातून बघतो. सगळं अंधुक! त्यावर माझ्या मोठ्या मुलीने उपाय काढला. मोबाइल डॅशबोर्डखाली धरायचा, फ्लॅश लावून दोन-तीन फोटो काढायचे, मग खुर्चीवर आरामात बसून ते बोटांनी मोठे करून बघायचे. डबा, झाकणावरची अक्षरं, फ्यूजचे आकडे, सगळं स्वच्छ दिसतं. मान अवघडण्याचा प्रश्नच नाही. मला हे हातकणंगल्याच्या रस्त्यावर सुचलं असतं तर!

काही गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे चिल्लर ठेवायचा छोटा कप्पा असतो. तो पुढे ओढला की निघून येतो आणि मागे डबा दिसतो. काहींत, विशेषतः युरोपीय घडणीच्या गाड्यांत, डॅशबोर्डची अगदी टोकाची कड बघायची. ही कड दार बंद असताना दिसतच नाही. दार उघडलं की तिथे एक उभट झाकण दिसतं. त्याच्या काठाला एक बारीकशी खाच असते, तिच्यात नख किंवा पट्टीचं टोक घालून हलकेच उचकटायचं. स्क्रू-ड्रायव्हर घालायचाच असेल तर त्याच्या टोकाला रुमाल गुंडाळा, नाहीतर डॅशबोर्डवर ओरखडे उठतात आणि मग घरात प्रश्न उठतात.

सगळ्यात चकवा देतो तो डावीकडचा डबा. जगातल्या बहुतेक देशांत स्टिअरिंग डावीकडे असतं. तिकडे आखलेली गाडी आपल्यासाठी करताना स्टिअरिंग उजवीकडे आणतात, पण डबा कधीकधी जिथल्या तिथे राहतो, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी किंवा कागदपत्रांच्या खणामागे. खणामागे असला तर बऱ्याच गाड्यांत खण खाली उतरवावा लागतो. आधी खण पूर्ण रिकामा करायचा. मग उघड्या खणाच्या दोन्ही बाजू दोन्ही हातांनी आत दाबायच्या, डब्याचं ताठर झाकण काढताना दाबतो तशा. बाजूचे अडसर सुटले की खण खाली लोंबतो. एका अंगाला दोरी किंवा लहान दांडी अडकवलेली असेल तर ती आधी काढायची. जोर लावून ओढू नका. जोर लावावा लागला तर समजायचं की एखादा स्क्रू किंवा अडसर राहिला आहे.

म्हणून अंधारात चाचपडण्याआधी गाडीचं पुस्तक काढावं. आमचं पाच वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलं नव्हतं! मागच्या सूचीत 'फ्यूज' शब्द शोधला की पान मिळतं, आणि डबा कुठे त्याचं चित्रही. काही नव्या गाड्यांबरोबर छापील पुस्तक देत नाहीत, ते मोबाइलवर उतरवून घ्यावं लागतं. ते घरी बसून उतरवून ठेवा. ऊसातल्या रस्त्यावर नेट असेलच असं नाही.

पुस्तकातल्या यादीने मात्र गोंधळू नका. ती त्या गाडीच्या सगळ्या प्रकारांसाठी एकच असते. महाग गाडीत असणाऱ्या गोष्टींचे फ्यूज यादीत असतात आणि आपल्या डब्यात त्या जागा रिकाम्या. मी पहिल्या दिवशी तीन रिकाम्या जागा पाहून गाडी विकणाऱ्याने फसवलं म्हणून चिडले होते. फ्यूजची जागा बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूलाही छापलेली असते, चित्रांनी किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी. झाकण काढलं की आधी ते उलटं करून बघा.

रंगांची भाषा

ह्या फ्यूजच्या रंगांना अर्थ असतो. गव्हाळ रंगाचा ५ अँपियरचा, तपकिरी साडेसातचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पांढरा पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. डोक्यावर आकडाही असतो. जो रंग निघाला तोच रंग परत घालायचा, ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आमच्या गाडीत वायपर आणि सॉकेट दोन्हींना पिवळाच होता, म्हणून त्या मुलाची युक्ती चालली. तुमच्या गाडीत तसं असेलच असं नाही. पिवळ्याच्या जागी हिरवा घातला तर गाडी चालेल, वायपरही फिरतील, आणि कधीतरी फ्यूज शाबूत राहून आतली वायरच तापून जळेल. ती वायर डॅशबोर्डच्या आत, आपल्या गुडघ्यांसमोर असते. पूर्वी पुरुष मंडळी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून 'काम चालवत', आणि वर प्रौढीने सांगत. ते कौतुक ऐकून घ्यावं आणि करू मात्र नये.

रंग सारखा असून आकार वेगळा असू शकतो. मोठे, लहान, आणि लहानांतही अगदी आखूड पायांचे. म्हणून दुकानात जाताना जुना फ्यूज बरोबर न्यावा, ब्लाउजपीसला मॅचिंग बघायला साडी नेतो तसा. एक फ्यूज पाच-दहा रुपयांना मिळाला. मी सगळ्या रंगांचे दोन दोन आणून हिंगाच्या रिकाम्या डबीत घालून गाडीत ठेवले. डबी आधी चांगली धुवा. आमच्या गाडीला अजून वास येतो.

बदलायची कृती भाकरी थापण्याच्या मानाने काहीच नाही. इंजिन बंद, किल्ली बाहेर. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर ती पूर्ण बंद झाल्याची खात्री करायची. फ्यूज उपसायला प्लास्टिकचा छोटा चिमटा दिलेला असतो, तो बऱ्याचदा बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणात खोचलेला सापडतो. चिमट्याने धरून सरळ ओढायचा, वाकडा पिरगाळायचा नाही. धातूचा चिमटा किंवा पक्कड आत घालायची नाही. उजेडासमोर धरला की आतली बारीक कमान दिसते. अखंड असेल तर फ्यूज चांगला, तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर गेला. एका वेळी एकच काढा. चार काढून हातात घेतले आणि कुठला कुठे ते विसरलं की मग रडायची पाळी. घालताना पूर्ण आत बसेपर्यंत अंगठ्याने दाबायचा. काही फ्यूज काढले की घड्याळ मागे जातं, रेडिओची स्टेशनं पुसली जातात, त्याने घाबरायचं नाही.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे घरातल्या २३० व्होल्टसारखा झटका बसत नाही. पण तिचा चटका वाईट. सोन्याची बांगडी किंवा अंगठी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये किंवा एका टोकात आणि गाडीच्या पत्र्यात अडकली, तर क्षणात लालबुंद होऊन हात भाजतो. म्हणून बॉनेटखालचा डबा उघडण्याआधी बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र वाकल्यावर नेमकं पुढे लोंबतं, ते आत खोचा. बॉनेटखालचे मोठे, स्क्रूने आवळलेले फ्यूज आपले नव्हेत, ते कारागिराचे. आतल्या बाजूला पिवळ्या वेष्टणाच्या वायरी किंवा पिवळी जोडणी दिसली तर बहुधा ती एअरबॅगची असते, तिला हात लावायचा नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीतही वायपर-दिव्यांचे असे साधे फ्यूज असतात, पण नारिंगी जाड केबल दिसली की लांब राहायचं. तिच्यातली वीज जीवघेणी असते.

नवा फ्यूज घातल्या घातल्या उडाला, तर दुसरा घालू नका, तिसरा तर नकोच. कुठेतरी वायर घासली असेल, पाणी शिरलं असेल, किंवा बाहेरून बसवलेल्या हॉर्नची, कॅमेऱ्याची जोडणी कच्ची असेल. तिथे गाडीचा वायरमनच हवा. मात्र सॉकेटचा फ्यूज उडाला असेल तर आधी सॉकेटमध्ये डोकावून बघा. शेजारच्या वहिनींच्या गाडीत चार्जिंग होईना. मेकॅनिकला बोलावणार होत्या. आम्ही बॅटरी लावून बघितलं तर आत रुपयाचं नाणं! नातवाने गल्ला समजून टाकलं होतं. किल्ली काढून ठेवली, लाकडी काडीने नाणं बाहेर काढलं, निळा फ्यूज बदलला, झालं. चाकात हवा भरायचा छोटा पंपही ह्या सॉकेटमधून बरीच वीज ओढतो. फोन चार्ज करणारी आणखी एखादी वस्तू त्याच वेळी लावून ठेवू नये.

सासूबाईंनी त्या रविवारी खुर्ची टाकून सगळं बघितलं. डोळे आता ठीक होते. पिवळा फ्यूज हातात घेऊन, उजेडाकडे धरून म्हणाल्या, "एवढीशी तार! आमची तार बरी, दिसायची तरी." मग म्हणाल्या, "कागद आण." आणि त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात आम्ही यादी केली: वायपर, दुसरी ओळ, डावीकडून चौथा, पिवळा. हॉर्न, पुढचा डबा. चार्जिंग, तिसरी ओळ, पहिला, पिवळा. आतला दिवा, लाल. ती यादी आता चालवणाऱ्याच्या डोक्यावरच्या झडपेला मागून चिकटवलेली आहे. हे नागपूरहून आले तेव्हा त्यांनाही सासूबाईंनीच जमिनीवर गुडघे टेकायला लावून डबा दाखवला. वायपरच्या बुडाशी साचलेली पानं काढायचं काम पावसाळाभर धाकट्याकडे आहे, आठवड्याला पाच रुपये मेहनताना.

परवा इचलकरंजीहून धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, आमच्या गाडीतला डबा कुठे असेल हो? ह्यांना विचारलं तर म्हणतात, स्टिअरिंगच्या खाली." स्टिअरिंगच्या खाली नाही, कडेच्या झाकणात नाही, चिल्लरच्या कप्प्यामागेही नाही. फोनवर अर्धा तास आम्ही शोधत होतो. आता राहिला कागदपत्रांचा खण. तो रिकामा करून ठेव म्हटलंय, येत्या रविवारी उशी आणि टॉर्च घेऊन जाते.